नऊ वर्षांच्या टायग्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता याला जागेवर बसवायचं कसं?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, घरही बागेतच. टायग्या आमचा कुत्रा. आई लॅब्रेडॉर, बाप गावातलाच कोणीतरी. वय ९ वर्षं, वजन ३२ किलो. बागेत वानरं उतरली की त्यांना हाकलायचं आणि रात्री डुकरांच्या मागे धुऱ्याधुऱ्यानं पळायचं, हे काम त्याने स्वतःच अंगावर घेतलंय. कोणी शिकवलं नाही, आणि सोड म्हटलं तर ऐकतही नाही.

दिवाळीच्या सुमारास मागचा उजवा पाय नुसता बोटांवर टेकवायला लागला. बसताना तो पाय बाहेर फेकून एका कुल्ल्यावर बसायचा. तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरांनी गुडघा हातात धरून पुढे-मागे हलवून पाहिला आणि म्हणाले, ही लचक नाही, आतला लिगामेंट (हाडांना धरून ठेवणारा दोर) गेलाय, नागपूरला दाखवा. दाखवलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड आटोपल्यावरची तारीख घेतली आणि गेल्या आठवड्यात टीपीएलओ नावाचं ऑपरेशन झालं. नडगीचं हाड कापून फिरवलंय, वर प्लेट आणि स्क्रू.

टाके बरे दिसतात, भूक चांगली आहे. घोळ वेगळाच आहे. हाती दिलेल्या कागदावर लिहिलंय: ८ आठवडे विश्रांती, पायऱ्या नाहीत, पळणं नाही, उडी नाही, शू-शीसाठी पट्टा लावूनच बाहेर. हा कागद फ्लॅटवाल्यांसाठी लिहिलेला आहे. आमच्या ओसरीला दार नाही, अंगणाचं फाटक म्हणजे दोन आडवे बांबू, आणि दिवसभर मजूर, पोट्टे, कोंबड्या, पाहुणे. टायग्याने जन्मात पट्टा पाहिलेला नाही. बाग सध्या ताणावर आहे, म्हणजे पाणी तोडलंय, म्हणून घरची माणसं मोकळी आहेत. ओलीत सुरू झालं की याच्याजवळ कोण बसणार? खेड्यात, मोकळ्याढाकळ्या घरात कोणी हे निभावलं असेल तर सांगा.

कापूसकोंड्या

भाऊ, आमच्या आर्णीकडे कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन म्हटलं तं लोकं हसते. मी नाई हसत. एका रातीत अर्धा एकर हरभरा उलथून टाकते डुकरं. थे थांबवणाऱ्याच्या पायाले पैसा लागला तं काय बिघडलं?

एकच सांगतो. लांब दाव्यानं खुंट्याले बांधू नका. लांब दाव्याचा कुत्रा धाव घेते, दावं संपलं का झटका बसते, आन थो झटका सगळा मागच्या पायावर येते. बांधायचंच असन तं हातभर दोर, आन माणूस जवळ पाह्यजे.

धुऱ्यावरचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, कुत्र्या-मांजरांचं काम करतो. दाव्याचं वरचं म्हणणं सोळा आणे खरं. त्याच कारणाने पट्टासुद्धा गळ्यात नको, छातीवरून येणारा घ्या.

तुमच्या कागदात 'का' लिहिलेलं नसणार, ते सांगतो. कारण कळलं की घरचे सगळे नियम पाळतात. कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा सपाट नसतो, मागे उतरता असतो, साधारण २५ अंशांच्या आसपास. उतारावर बंडी उभी करून तिला दोराने धरून ठेवावं, तसा तो लिगामेंट मांडीच्या हाडाला मागे घसरू देत नाही. म्हणजे कुत्रा नुसता उभा असला तरी त्या दोरावर ताण असतोच. माणसाचा हा दोर बहुधा खेळताना एका हिसक्यात तुटतो. कुत्र्यांत तो आधी महिनोन्‌महिने झिजत येतो आणि मग एखाद्या साध्याशा वळणावर जातो. अमेरिकन सर्जन बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या टीपीएलओत तो दोर पुन्हा बांधतच नाहीत, उतार काढतात. हाड गोल करवतीने कापून फिरवायचं, उतार ५ अंशांवर आणायचा आणि प्लेटने जखडायचं.

तेव्हा टायग्याची आजची अडचण लिगामेंट नाही, कापलेलं हाड आहे. ते जुळायला ८ आठवडे लागतात, वय झालेल्या कुत्र्याला थोडे जास्तही. पण कुत्र्याला मात्र तिसऱ्या आठवड्यातच 'झालो बरा' असं वाटायला लागतं. प्लेट वाकणं, स्क्रू सुटणं, नडगीचा पुढचा उंचवटा तडकणं, हे सगळं बहुतेक याच मधल्या काळात होतं. दुखणाऱ्या कुत्र्याला सांभाळणं सोपं असतं. बऱ्या वाटणाऱ्या कुत्र्याला सांभाळणं ही खरी परीक्षा.

सध्या एवढंच करा. पहिले तीन-चार दिवस थंड शेक सांगितला असेल, तो सूज असेपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही: बर्फ कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. सूज गुडघ्यावरून घसरत घोट्याशी उतरलेली दिसली तर घाबरू नका, पहिल्या आठवड्यात ती उतरतेच. टाके निघेपर्यंत ताज्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसू देऊ नका, खाली धुतलेली चादर रोज बदला. माशी जखमेवर बसता कामा नये. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली बादलीसारखी कॉलर काढू नका, तो कितीही केविलवाणं तोंड करो. चाटून टाके उसवलेले कुत्रे दर महिन्याला येतात.

झाडीपट्टीची_लेक

साकोलीकडची मी. आमच्या काळूचं नायलॉनचा दोरा घालून करतात ते ऑपरेशन झालं होतं, हाड न कापता. तो १२ किलोचाच आहे. आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते आजीचं जुनं लुगडं. चौपदरी घडी करून पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढून घ्यायचं आणि दोन्ही टोकं वर हातात धरायची. वजन उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. फरशीवरून नेताना पाय घसरला तर लुगडं सावरतं. टायग्या नर आहे ना, मग घडी जरा अरुंद ठेवा, नाहीतर लघवी त्याच लुगड्यात. आम्ही रोज धूत होतो.

आणि फरशी! आमच्या नव्या खोलीत चकचकीत टाइल्स आहेत, तिथे चांगला कुत्राही घसरतो. तांदळाची रिकामी पोती उसवून, एकमेकांना शिवून, खोलीभर अंथरली होती. तरटावर नखं धरतात.

संत्राबाग

लुगड्याची युक्ती कालपासून सुरू केली, आईने स्वतः काढून दिलं. पोत्यांचंही केलं.

आता कुंपणाचं सांगतो, कदाचित कोणाच्या कामी येईल. लोखंडी पिंजरा मागवायचा विचार होता, पण तोड आटोपलेली, घरात संत्र्याचे प्लास्टिकचे कॅरेट ढिगाने रिकामे पडलेले. ओसरीच्या कोपऱ्यात दोन बाजूंना भिंत, उरलेल्या दोन बाजूंना कॅरेट उभे आडवे रचले, छातीच्या वर उंच, आणि सुतळीने एकमेकांना आवळले. खालच्या ओळीत विटा भरल्या म्हणजे ढकलून सरकणार नाहीत. एका बाजूचे दोन कॅरेट तेवढे काढता-घालता येतात, तेच दार. आत टायग्या पाय पसरून झोपेल, वळेल, उभा राहील एवढीच जागा. कॅरेटच्या जाळीतून त्याला अंगण दिसतं, त्यामुळे रडणं कमी झालंय. पहिल्या रात्री कुईकुई फार होती, मग वडिलांनी आपली बाज कुंपणाला लावून टाकली आणि दोघेही घोरायला लागले.

निवृत्त_मास्तर

माफ करा, पण जो प्राणी नऊ वर्षं मोकळा हिंडला त्याला कोपऱ्यात कोंडणं मनाला पटत नाही. आमच्या वेळी असा कुत्रा लंगडत लंगडत आपोआप बरा व्हायचा. पायाला करंजीचं कोमट तेल चोळा, हळद-दूध द्या, महिन्यात पळेल. फारच दुखलं तर आपल्या गुडघेदुखीच्या गोळीतली अर्धी. मी दिलेली आहे.

धुऱ्यावरचा_डॉक्टर

मास्तर, आदर राखून एकेक मुद्दा घेतो.

आपोआप बरं होण्याचं: १५ किलोच्या आतले बहुतेक कुत्रे विश्रांतीवर सुधारतात, हे जुन्या अभ्यासांतही दिसलंय. त्याहून मोठ्यांत पाचातला एखादाच नीट चालतो. बाकीचे लंगडतच राहतात, गुडघ्यातली गादी फाटते आणि संधिवात कायमचा मुक्काम करतो. तुमच्या वेळचे कुत्रे बरे झाले नव्हते, त्यांनी तक्रार केली नव्हती. टायग्या ३२ किलोचा आहे.

तेलाचं: कापलेल्या हाडावर आणि टाक्यांवर चोळणं नको. टाके निघून जखम भरली की मांडीच्या वरच्या भागावर हलक्या हाताने दाबलं तर चालेल, त्याला बरंच वाटेल. तेल लागतंच असं नाही, आणि करंजीचं तर चाटण्यात जाईल.

गोळीचं मात्र हात जोडून सांगतो, देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बसतं. पॅरासिटामॉलही मनाने नाही. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी बनवायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मेली म्हणून. टायग्याला मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेन लिहून दिलं असेल, ते जेवणावरच, ठरल्या मापाने, दुसऱ्या कुठल्या वेदनाशामकासोबत नाही आणि स्टेरॉइडसोबत तर मुळीच नाही. उलटी, काळी शी किंवा खाणं टाकलं, की औषध थांबवून फोन.

कोंडण्याचं दुःख मलाही होतं. पण ते आठ आठवड्यांचं आहे.

कापूसकोंड्या

मास्तर, रागावू नका जी. माह्या बुढ्यानंही बैलाले थेच तेल चोळलं होतं. बैल बरा झाला, बुढ्याचे हात गोरे झाले.

मोर्णाकाठची

अकोल्याची आहे. आमच्या ११ वर्षांच्या जर्मन शेफर्डचं टीपीएलओ गेल्या वर्षी झालं. कोणी बोललं नाही म्हणून दोन गोष्टी.

एक, खाणं. चालणं बंद आणि वाटी तेवढीच, असं चालत नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी खाणं पाऊण केलं. त्यात खेड्यात येणारा-जाणारा 'बिचाऱ्याचा पाय' म्हणून पोळीचा तुकडा टाकतो. आम्ही दारावर पाटीच लावली होती. भाकर, तूप, गूळ, बिस्किट सगळं बंद. उकडलेलं अंडं, थोडं चिकन, लाल भोपळा, आणि त्याचं नेहमीचं. हाडं नाहीत.

दोन, डोकं. पाय बांधला तरी डोकं मोकळं असतं आणि ते कामाला लावलं नाही तर कुत्रा कुंपण खातो. आम्ही अर्धं जेवण वाटीत देतच नव्हतो. जुन्या टॉवेलच्या घडीत, गुंडाळीत दाणे लपवायचे आणि त्याने हुंगून काढायचे. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली तुकडा. १५ मिनिटं हुंगवलं की तो असा दमायचा जणू चार मैल हिंडून आलाय. म्हातारा कुत्रा नवीन शिकत नाही म्हणतात, पण आमच्याने त्या दोन महिन्यांत हनुवटी माझ्या तळहातावर ठेवून गप्प उभं राहायला शिकलं. पुढे व्यायामाच्या वेळी त्याचा फार उपयोग झाला.

धुऱ्यावरचा_डॉक्टर

खाण्याच्या मुद्द्याला पुस्ती. ४८ लॅब्रेडॉरवर एक अभ्यास जन्मभर चालला, २००२ मध्ये छापून आला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चौथाई कमी खाणं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताचं औषधही बरंच उशिरा लागलं. टायग्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसल्या नाही तरी चालेल.

संत्राबाग

नवीन वर्षाच्या शुभेच्छा सगळ्यांना. टाके निघाले, तालुक्याच्याच दवाखान्यात काढले, नागपूरला जावं लागलं नाही. पाय टेकवतो आहे, चालताना थोडा झुकतो. आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालंय: याला वाटतं आपण बरे झालो.

काल सकाळी ऊन वर आलं आणि गोठ्याच्या टिनावर वानरांची टोळी उतरली. टिनावरचा तो धडधडाट ऐकला की टायग्या एरवी बागेच्या दुसऱ्या टोकावरून यायचा. काल कुंपणात होता. मागच्या दोन पायांवर उभा राहून कॅरेटवर पुढचे पाय टाकून भुंकायला लागला, वरची ओळ सुतळीसकट हलत होती. टोळीतल्या एका मोठ्या नराला कळलं की हा येत नाही. तो चक्क अंगणात उतरून, दहा पावलांवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला. आमच्या बायकोने झाडू भिरकावला तेव्हा गेला. टायग्या नंतर तासभर धापा टाकत होता. पाय तपासला, सूज नाही, टेकवतोय. पण हे रोज होणार. मृग बहाराची संत्री झाडावर आहेत तोवर वानरं कुठे जात नाहीत.

मोर्णाकाठची

वानरांची वेळ ठरलेली असते ना? त्या वेळेच्या आधीच त्याला आतल्या खोलीत घ्या, दार लावा, रेडिओ मोठ्याने लावा, आणि टॉवेलमधलं जेवण त्याच वेळी द्या. टिन वाजलं की जेवण, असं बसलं तर बरं.

धुऱ्यावरचा_डॉक्टर

मागच्या पायांवर उभं राहणं म्हणजे सगळं वजन नव्या हाडावर. हे थांबलंच पाहिजे. वर सांगितलेला उपाय करा, शिवाय कॅरेटच्या अंगणाकडच्या बाजूला चादर टाका. तरीही शांत होत नसेल तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन अशी औषधं या काळात कुत्रा शांत राहावा म्हणून देतात. त्यात कमीपणा काही नाही. वय पाहून, यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहून मात्रा तेच ठरवतील.

आता चालण्याचं. तिसऱ्या आठवड्यापासून, तुमच्या डॉक्टरांची परवानगी असेल तर: पट्ट्यावर ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, आणि दर आठवड्याला ५ मिनिटांची वाढ. किती चाललं यापेक्षा किती हळू चाललं याला महत्त्व. कुत्रा भराभर चालला की दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावून नेतो. हळू चालवला तर चौथा पाय टेकवण्यावाचून इलाज नसतो. अंत्ययात्रेच्या चालीने चालवा म्हणतो मी मालकांना, शुभ बोलायची सवय नाही मला. सपाट, टणक, कोरडी जागा हवी. नांगरलेलं वावर नको, ढेकळांत गुडघा मुरगळतो.

निघण्याआधी मांडीला कोमट शेक १० मिनिटं. थंडीत म्हाताऱ्या सांध्यांना ते लागतंच.

वावरवेडा

आमच्याकडे शेततळं आहे. पोहणं गुडघ्याला चांगलं असं ऐकलंय. सहा आठवडे झाले की टायग्याला शेततळ्यात पोहवता येईल का?

धुऱ्यावरचा_डॉक्टर

पोहणं चांगलं. शेततळं नाही.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतार इतका गुळगुळीत असतो की निरोगी कुत्राही वर येऊ शकत नाही. काठाशी नखं मारत मारत दमतो आणि बुडतो. रोही, डुकरं, वासरं, माणसंसुद्धा गेली आहेत तशी. ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांनी कुत्र्याचं ऑपरेशन असो-नसो, काठावर दोर, टायर नाहीतर बांबूची शिडी सोडून ठेवा आणि कुंपण करा.

पाण्यात व्यायामच द्यायचा तर एक्स-रे चांगला आल्यावर नदी-नाल्याची अशी जागा बघा जिथे तळ वाळूचा आहे, धार नाही आणि पाणी त्याच्या मांडीपर्यंत येतं. त्यात पट्ट्यावर चालवा. पाणी वजन उचलतं, आणि पाय पूर्ण वाकवावा लागतो. उडी मारून पाण्यात शिरणं नको.

झाडीपट्टीची_लेक

आम्ही काळूला धानाच्या बांधीत रोवणीनंतर चालवलं होतं, चिखलात पाय रुतला आणि सगळं मुसळ केरात. वाळूचंच पाहा.

संत्राबाग

फेब्रुवारी. एक्स-रे झाला. हाड जुळतंय, प्लेट जागेवर आहे, एका कडेला अजून बारीक रेघ दिसते म्हणून आणखी महिनाभर पळणं नाही. पण कुंपण काढायला परवानगी मिळाली.

मधल्या काळात काय उपयोगी पडलं ते लिहितो.

रेडिओ आणि टॉवेलचा उपाय लागू पडला. आता टिन वाजलं की टायग्या आधी आतल्या खोलीच्या दाराकडे बघतो. वानरांना वडील गोफणीने बघून घेतात, त्यांना जुनी हौस आहे.

उठ-बैस आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात करून घेतली. उजवी बाजू भिंतीला लागलेली, म्हणजे बसताना पाय बाहेर फेकायला जागाच नाही. बसला, उठला, एक दाणा. सुरुवातीला पाचदा केलं की पाय थरथरायचा. मग तिथेच थांबायचं.

बागेच्या वाटेवर तुराट्या आडव्या टाकल्या, प्रत्येक दोन हातांवर एक, जमिनीला लागूनच. त्यावरून हळू चालताना पाय उचलावाच लागतो. पोट्ट्यांना हा प्रकार इतका आवडला की तेही रांगत टायग्याच्या मागे.

शिंप्याची टेप आणून दोन्ही मांड्यांचा घेर मापतो, गुडघ्याच्या वर त्याच जागी, तो उभा असताना. ऑपरेशननंतर उजवी मांडी डावीपेक्षा ४ सेंटीमीटर बारीक होती. आता दीड. डोळ्यांनी हे कळलं नसतं, डोळ्यांना तो रोज तसाच दिसतो.

वजन २९ किलोवर आलंय. आईला वाटतं आम्ही त्याला उपाशी मारतोय.

निवृत्त_मास्तर

वाचून आनंद झाला. एक विचारतो, पुन्हा वानरांमागे सोडणार का?

संत्राबाग

मास्तर, घरात यावरूनच वाद चालू आहे. बायको म्हणते पेन्शनीत काढा. वडील म्हणतात काम काढून घेतलं की म्हातारा लवकर जातो, आणि ते स्वतःबद्दलच बोलत असतात हे सगळ्यांना कळतं. माझं मत मधलं आहे. पट्ट्यावर सकाळी एक फेरी, तो भुंकेल, आम्ही हाकलू. डुकरांसाठी तारेचं कुंपण करायचंच होतं. रात्रीचं मोकळं सोडणं बंद.

धुऱ्यावरचा_डॉक्टर

तुमचं मत बरोबर आहे. हाड पूर्ण जुळल्यावर तो पळू शकेल, टीपीएलओ झालेले कुत्रे कामावर परततात. फक्त चार ते सहा महिने धरून चाला आणि पळणंही मिनिटामिनिटाने वाढवा. एकदम ब्रेक मारून वळणं, उंचावरून उडी, चिखलातली धाव हे जमेल तेवढं टाळा. त्याला कारण डावा गुडघा. ज्या कुत्र्याचा एक लिगामेंट झिजून तुटला त्याचा दुसराही त्याच वाटेवर असतो. जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत पुढच्या एक-दोन वर्षांत तोही जातो. ही भीती घालत नाही, २९ किलो टिकवा म्हणून सांगतो. डाव्या मांडीचंही माप लिहून ठेवत जा. आणि पाय बरा चालत असताना अचानक टेकवेनासा झाला, चालताना गुडघ्यात टकटक वाजायला लागलं किंवा प्लेटच्या जागी गरम, ओलं लागलं तर 'बघू दोन दिवस' करू नका.

पैनगंगातीर

धागा वाचून काढला. आमचा गावरान कुत्रा, ७ वर्षांचा, २० किलो, तीन आठवड्यांपासून मागचा डावा पाय अर्धवट टेकवतो. गावात लचक म्हणाले, इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरा, पुन्हा तेच. हे तेच असेल का? कुठे न्यावं?

धुऱ्यावरचा_डॉक्टर

लचक आठवडाभरात उतरायला लागते. तीन आठवडे टिकली, औषधाने दबली आणि परत आली, तर गुडघा तपासायलाच हवा. बसताना पाय बाहेर टाकतो का ते बघा. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, डावीकडे जाड, टणक गाठ लागते का? एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, पण सांध्यात पाणी भरलेलं आणि हाडाच्या कडा खडबडीत झालेल्या दिसतात. हाताची तपासणी थोडी गुंगी देऊन केली तर खात्रीची होते, दुखतं म्हणून कुत्रा पाय आवळून धरतो आणि जागेपणी चुकीचं वाटू शकतं. रक्तही तपासा, गोचिडाच्या तापाने सांधे धरतात आणि प्लेटलेट पडतात. तसल्या रक्तावर ऑपरेशन करता येत नाही.

तुम्हाला अकोला जवळ पडेल, तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. दोन्हीकडे शस्त्रक्रिया विभाग आहे. कोणती पद्धत कुठे करतात, तारीख कधीची मिळते हे निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर फेरी वाया जाते. २० किलोच्या कुत्र्याला हाड न कापता नायलॉनचा दोरा घालूनही चालू शकतं, ते तपासल्यावर सर्जन ठरवतील.

पैनगंगातीर

सोमवारी नेतो. गाडी भाड्याची आहे, मागे उघडी. झोपवून न्यायचा का?

धुऱ्यावरचा_डॉक्टर

त्याला जसं बरं वाटेल तसा बसू द्या, खाली कुटाराची पोती टाकून वर चादर अंथरा आणि एक माणूस पट्टा धरून सोबत बसवा. गाडीत चढवताना-उतरवताना उचलूनच घ्या, एक हात छातीखाली, एक कुल्ल्यांमागून. रात्री नेहमीसारखं जेवण, सकाळी काही खायला नको, पाणी चालेल. गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामं बरं. आणि तो लंगडताना फोनवर एक व्हिडिओ काढून ठेवा, बाजूने आणि मागून. दवाखान्यात पोचला की यांच्यातले निम्मे सरळ चालून दाखवतात.